नव्या वर्षाचा पहिला पंधरवडा आणि इंग्रजीचा तास

जूनच्या मध्यावर शाळा उघडतात. दाराशी ओल्या छत्र्या, हाती नवी पुस्तके आणि समोर अनोळखी शिक्षक अशा वातावरणात पहिलीचे बालक वर्गात पाऊल टाकते. त्यातच इंग्रजी ही आणखी एक अनोळखी गोष्ट त्याला भेटते. ती भयाच्या रूपाने भेटली, तर ते भय पुढे कित्येक वर्षे सुटत नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही वर्षे इंग्रजीचे अध्यापन आठवीपासून होई. पुढे महाराष्ट्रात ते पाचवीपासून होऊ लागले. सन २००० मध्ये, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, ते पहिलीपासून सुरू झाले. पूर्वीचा विद्यार्थी मातृभाषेचे वाचन-लेखन आत्मसात करून इंग्रजीकडे वळत असे. आजच्या बालकाला मराठी अक्षरांचीही ओळख नसते. तरीही मोठ्या मुलांची जुनी पद्धत अनेक वर्गांत पहिल्याच दिवशी अवतरते: फळ्यावर ए, बी, सी आणि वहीत त्यांची नक्कल. वर्ग शांत राहतो. परंतु ही शांतता म्हणजे शिक्षण नव्हे.

अक्षरांची घाई का नको?

देवनागरीतील 'क' सदैव 'क' असतो. इंग्रजी 'सी' हे अक्षर मात्र 'कॅट'मध्ये 'क' आणि 'सिटी'मध्ये 'स' होते. शिवाय देवनागरी अक्षर शिरोरेषेला लोंबते, तर इंग्रजी अक्षर खालच्या रेषेवर बसते आणि काहींचे शेपूट त्याही खाली उतरते. दोन्ही लिप्या एकदम हाती दिल्या, तर कोवळा हात व कोवळे मन दोन्ही गोंधळतात. म्हणून पहिला पंधरवडा कानाचा आणि जिभेचा असावा. दक्षिण कोरियात १९९७ साली प्राथमिक शाळांत तिसरीपासून इंग्रजी सुरू झाले, तेव्हा तेथेही आरंभीचा भर ऐकण्या-बोलण्यावरच ठेवण्यात आला होता.

पाठाचा एक नमुना

मुंबईच्या उपनगरातील, समजा अंधेरीच्या, मराठी शाळेतील पहिलीचा वर्ग घ्यावा. कोणाचे वडील रिक्षा चालवतात, कोणाची आई धुण्याभांड्यांची कामे करते. कोणाच्या घरी मालवणी, तर कोणाच्या घरी भोजपुरी बोलतात. या साऱ्यांच्या कानांवर लोकलगाडीतील घोषणा मराठी, हिंदी व इंग्रजी अशा तिन्ही भाषांत पडलेली असते. पाठाची सामग्री येथेच तयार आहे.

१. मुलांना एकामागे एक उभे करून गाडी करावी. शिक्षकाने "नेक्स्ट स्टेशन, जोगेश्वरी" असे स्पष्ट म्हणावे. मुलांनी प्रथम केवळ ऐकावे व चालावे.

२. पुढे राम मंदिर, गोरेगाव, मालाड, कांदिवली, बोरिवली अशी स्थानके यावीत. घोषणा हळूहळू मुलांकडे सोपवावी.

३. स्थानक येताच "स्टॉप", "स्टँड अप", "सिट डाऊन", "कम इन" अशा आज्ञा कृतीसह द्याव्यात. त्यांचे भाषांतर सांगू नये. कृतीतूनच अर्थ कळावा.

४. शेवटी तिकीट, बस, सिग्नल यांसारखे मुलांना ठाऊक असलेले शब्द गोळा करावेत. आपल्याला थोडे इंग्रजी येतेच, हा विश्वास यातून उपजतो.

घाटकोपर वा मुलुंडच्या शाळेत स्थानके निराळी होतील, खेड्यात एस.टी.चे थांबे घ्यावेत. ज्या वाडीत एस.टी. जात नाही, तेथे शाळेच्या वाटेवरील विहीर, वड व पार हीच स्थानके. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीस व पुढे कोसबाडला परिसरातील साध्या वस्तूंतून बालशिक्षण घडविले. तीच वाट येथे उपयोगी पडते.

मुके राहणारे बालक

प्रत्येक वर्गात दोन-चार मुले दिवसेंदिवस तोंड उघडत नाहीत. त्यांना उभे करून बोलावयास लावू नये. आज्ञा ऐकून बालक योग्य कृती करीत असेल, तर ते शिकतच आहे. एखाद्याने 'स्कूल'ऐवजी 'इस्कूल' म्हटल्यास हसू नये, अडवूही नये. "येस, स्कूल" असे म्हणून शुद्ध उच्चार कानी घालावा. पहिल्या पंधरवड्यात झालेली थट्टा बालक विसरत नाही, आणि इंग्रजीच्या तासाला मिटलेले तोंड मराठीच्या तासालाही मिटलेले राहू शकते.

शिक्षकाची आणि पालकांची शंका

अनेक शिक्षकांना स्वतःच्या उच्चारांचा संकोच वाटतो आणि तो लपविण्यासाठी नक्कलवहीचा आश्रय घेतला जातो. शंका असलेला शब्द आदल्या दिवशी मोबाइलवरील शब्दकोशातून ऐकावा व मोठ्याने म्हणून पाहावा. दिवसाला पाच वाक्ये नीट आली, तरी पहिलीच्या तासाला ती पुरतात.

कोरी वही पाहून पालक अस्वस्थ होतात. जवळच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मूल घालण्याचा विचारही त्यांच्या मनात येतो. त्यांना पंधरवड्याच्या शेवटी वर्गात बोलावून गाडीचा खेळ दाखवावा. आपल्या मुलाने मोकळ्या आवाजात दिलेली घोषणा आईच्या कानी पडली, म्हणजे वहीविषयीची तिची शंका पुष्कळशी निवळेल.

केंद्रातील चर्चेसाठी

१. आपल्या गावातील मुलांच्या बोलण्यात कोणते इंग्रजी शब्द आधीच रुळले आहेत?

२. वर्गातील न बोलणाऱ्या मुलांची समज कोणत्या कृतींतून पारखता येईल?