घाटात ब्रेक गेला तर

2011 सालच्या मे महिन्यातली गोष्ट. आम्ही पाटणहून चिपळूणला निघालो होतो. वडापची जीप होती. आत माणसे दाटीवाटीने बसली होती. टपावर ज्वारीची पोती आणि बोचकी बांधली होती.

हेळवाक मागे पडले. कुंभार्ली घाटाचा उतार सुरू झाला. चिपळूणला आम्हाला रेल्वे गाठायची होती. "मामा, जरा हाणा की! गाडी चुकेल आमची," असे आम्हीच ड्रायव्हरला दोनदा म्हणालो. मामांनी गाडी हाणली. वळण आले की ब्रेक, वळण सरले की पुन्हा वेग. अशी पाच-सहा वळणे गेली. जळका वास येऊ लागला. एका मावशींनी विचारले, "कसला ओ वास सुटलाय?" कुणी लक्ष दिले नाही.

पुढच्या वळणाआधी मामांनी ब्रेकवर पाय ठेवला. पाय थेट तळाला गेला. गाडी थांबेना.

मामा ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "पायडल बसलं. घट्ट धरा. उडी कुणी मारायची न्हाई."

त्यांचा पाय ब्रेकवर भराभर खालीवर होऊ लागला. हाताने त्यांनी तिसऱ्या गिअरमधून दुसरा टाकला. इंजिन ओरडले आणि आम्ही सगळे पुढे कलंडलो. हॉर्न चालूच होता. वळण कसेबसे पार पडले. मग पहिला गिअर. मग हँडब्रेक, हळूहळू. पुढे डोंगराच्या बाजूला मुरमाचा ढिगारा होता. मामांनी गाडी तिकडे घेतली. एका बाजूची चाके गटारात उतरली, पत्रा दरडीला घासला, आणि मुरमात रुतून जीप थांबली. मामांनी खाली उतरून आधी चाकांपुढे दगड लावले. मग बसून पाणी मागितले.

एका पोराच्या कपाळाला टेंगूळ आले. बाकी कुणाला काही झाले नाही. हे सारे अर्ध्या-एक मिनिटात घडले असेल. पण त्या अवधीत मामांनी जे केले ते नीट समजून घेण्यासारखे आहे. तुमच्यापैकी कुणी जीप चालवतो, कुणी ट्रॅक्टर. कुणी नुसता वडापमध्ये बसतो. कामाचे सगळ्यांच्याच आहे.

आधी ब्रेक कसा चालतो ते पाहू. सायकलचा ब्रेक तुम्ही पाहिला आहे. रबर चाकाच्या कडीला घासते आणि चाक थांबते. उतारावर बराच वेळ ब्रेक धरून ठेवा आणि मग कडीला हात लावून पाहा. कडी तापलेली असते. जीपमध्येही तसेच आहे. पायाने पायडल दाबले की बारीक नळीतले तेल दाबले जाते. ते तेल चाकाजवळचे लायनर किंवा पॅड दाबते. ते चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडाला घासतात. गाडीचा वेग मरतो आणि त्याची उष्णता होते. भरलेली जीप घाटात केवळ ब्रेकवर उतरवली, तर ते लोखंड तव्यासारखे तापते. लायनर जळू लागतात. मावशींना आला तो वास त्याचाच. पुढे नळीतले तेलसुद्धा उकळते आणि त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडा दाबला की दबतो, जोर पुढे पोचवत नाही. म्हणून पायडल तळाला जाते.

मग मामांनी पाय खालीवर का केला? भराभर दाबल्याने नळीत थोडे जास्त तेल ढकलले जाते. कधी कधी त्याने अर्धामुर्धा ब्रेक परत येतो. आला तर मिळेल तेवढा दाबून धरावा. ब्रेक ऑइलच्या गाडीला हे चालते. मोठ्या ट्रकना आणि बसगाड्यांना हवेचा ब्रेक असतो. तिथे असे करू नये. दर दाबाला टाकीतली हवा खर्च होते आणि उरलासुरला ब्रेकही जातो. हवेचा काटा खाली आला किंवा इशाऱ्याचा आवाज झाला, तर हवा आहे तोवरच गाडी कडेला घ्यावी.

पण जीप खरी धरली ती गिअरने. हे आम्हाला तेव्हा कळले नव्हते. नंतर दगडावर बसून मामांनी समजावले. ते म्हणाले, "पाव्हणं, उताराला बैलगाडी कोण धरतं? बैल धरतात. जुवाखालचं बैल सोडलं तर गाडी दरीतच जाणार की." इंजिन म्हणजे ते बैल. एक्सलेटरवरचा पाय काढला आणि गाडी गिअरमध्ये असली, की चाकांना इंजिन ओढावे लागते. इंजिन सहजी ओढले जात नाही, ते मागे धरते. गिअर जितका खालचा, तितकी धरही जास्त. गाडी न्यूट्रलला टाकली किंवा क्लच दाबून ठेवला, की बैल सुटले म्हणून समजा.

गिअर उतरवताना एकेक उतरवावा. चौथ्यातून तिसरा, तिसऱ्यातून दुसरा. जोरात धावत्या गाडीला एकदम पहिला टाकायला जावे, तो पडत नाही आणि गाडी मधल्यामधे न्यूट्रलला राहते. उतारावर यापेक्षा वाईट काही नाही.

हँडब्रेक हळू ओढावा. बहुतेक गाड्यांत तो फक्त मागच्या चाकांना लागतो. एकदम खेचला तर मागची चाके अडकतात आणि गाडी गर्रकन फिरते. त्याचे टोकाचे बटण दाबूनच धरावे, म्हणजे गाडी फिरू लागली तर लगेच सोडता येतो.

आणि किल्ली फिरवून इंजिन बंद करू नये. माणूस घाबरला की हात तिकडेच जातो. इंजिन बंद झाले की स्टिअरिंग जड होते. किल्ली पुरती मागे फिरली तर काही गाड्यांचे स्टिअरिंग कुलूप लागल्यासारखे अडकते. ज्या गाडीत ब्रेकला इंजिनाची मदत असते, तिचे पायडल दोन-तीन दाबांनंतर दगडासारखे घट्ट होते. असे झाले तर ब्रेक गेला असे मानू नका. सारा जोर लावून दाबा, थोडा लागतो.

डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करणारे किंवा न्यूट्रलला टाकणारे पुष्कळ आहेत. 2022 च्या नोव्हेंबरात पुण्याजवळ नवले पुलाच्या उतारावर एक अवजड गाडी सुटली आणि पुढच्या कितीतरी गाड्यांवर आदळली. ब्रेक निकामी झाला असे आधी सगळे म्हणाले. उतारावर इंजिन बंद केले होते, असे पोलिसांच्या पहिल्या तपासात पुढे आले. तेल वाचले असेल ते पावशेर-अर्धा शेर! त्यासाठी कुणाकुणाचे हातपाय मोडले.

सपाट रस्त्यावर ब्रेक गेला तर एवढे अवघड नसते. एक्सलेटर सोडावा, गिअर उतरवावे, मागच्यांना दिवे दाखवावेत, आणि मोकळ्या कडेला किंवा चढाकडे गाडी न्यावी. आधी एकदा बाजूच्या माणसाने पायडलखाली वाकून मात्र बघावे. घरंगळत आलेली पाण्याची बाटली पायडलखाली अडकली, की ब्रेक चांगला असून लागत नाही. बाजूच्या माणसाने ती काढावी. ड्रायव्हरने मान रस्त्यावरून हलवू नये.

गाडी आदळणारच असेल तर कशावर, हे निवडावे लागते. दरीपेक्षा दरड बरी. झाडापेक्षा झुडूप, मुरमाचा ढीग, नांगरलेले वावर बरे. सरळ धडकण्यापेक्षा घासत जाणे बरे. पत्रा पुन्हा ठोकता येतो. समोरून येणाऱ्या गाडीवर किंवा माणसांत ती घालायची नाही, मग आपले काही होवो.

आत बसणाऱ्यांनी ड्रायव्हरचा हात धरू नये. पट्टा असेल तर तो आधीच लावलेला असावा. पोर मांडीवर असेल तर त्याला पोटाशी धरून खाली वाकावे. धावत्या गाडीतून उडी मारणारा मागच्या चाकाखाली सापडू शकतो.

ट्रॅक्टरवाल्यांना दोन शब्द वेगळे सांगायचे आहेत. ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायडले असतात, एक डाव्या चाकाचे, एक उजव्याचे. वावरात वळायला ती सुटी लागतात. रस्त्यावर येताना ती कडीने जोडलीच पाहिजेत. सुटी राहिली आणि घाईत एकावरच पाय पडला, तर ट्रॅक्टर जागच्या जागी वळतो आणि पलटी होतो. दुसरे, ट्रॉलीला पुष्कळदा ब्रेक नसतोच. उसाने भरलेली ट्रॉली उतारावर ट्रॅक्टरला मागून ढकलते. ब्रेक मारावा तर ती आडवी येते. म्हणून उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकावा. मध्यावर गेल्यावर टाकू म्हटले तर पडत नाही. दोन ट्रॉल्या मागे लावून, वर टेप लावून उतरणारी पोरे आम्ही पाहतो, तेव्हा पोटात गोळा येतो.

ब्रेक बहुधा सांगून जातो. पायडल रोजच्यापेक्षा खाली जाऊ लागते. गाडी ब्रेक मारल्यावर एका अंगाला ओढते. चाकाजवळून किंचाळल्यासारखा आवाज येतो. सकाळी गाडी उभी असते तिथे चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसते. ब्रेक ऑइलच्या डबीवर दोन रेघा असतात, तेल त्यांच्या मध्ये असावे. खाली गेले असेल तर नुसते वरून भरून भागत नाही. ते गेले कुठे, हे मिस्त्रीला विचारावे. ते तेल हवेतले पाणीही ओढून घेते आणि पाणी मिसळले की लवकर उकळते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलतात.

मामांनी ते चार वर्षे बदलले नव्हते. तसे त्यांनीच सांगितले.

आम्ही तासभर तिथे बसलो. चाके निवली. पायडल पुन्हा वर आले. मामांनी ते दहादा दाबून पाहिले, गाडीखाली वाकून नळ्या पाहिल्या. कुठे गळत नव्हते. तरी बायका-पोरांना त्यांनी मागून आलेल्या बसमध्ये बसवून दिले. पोती उतरवून दरडीच्या कडेला ठेवली. उरलेले आम्ही चौघे जीपमध्ये बसलो. मामांनी पहिला गिअर टाकला. "ज्या गिअरात घाट चढायचा, त्याच गिअरात उतरायचा. म्हायती होतं मला," ते म्हणाले. आम्ही काही बोललो नाही. घाई आम्ही केली होती.

पोफळी येईपर्यंत गाडी माणसाच्या चालीने उतरली. चिपळूणला पोचलो तेव्हा रेल्वे कधीच निघून गेली होती.