सुटून आलेल्यांसोबत

हिंगोली जिल्ह्यातल्या गावांत मी व्यसनमुक्तीचं काम करतो. तुरुंगातून सुटून आलेले बरेच जण त्यात भेटतात. त्यांच्याकडून शिकलो ते असं:

१. उपदेश त्यांना तोंडपाठ असतो. कीर्तनकारापासून न्यायाधीशापर्यंत सगळ्यांनी तो ऐकवलेला असतो. त्याच वाटेनं गेलेला माणूस समोर बसला, की मात्र गडी बोलायला लागतो. व्यसनी माणसांनीच एकमेकांना सावरायचं, चूक तोंडावर सांगायची, ही समूह-उपचाराची रीत १९५८ साली कॅलिफोर्नियातल्या सिनॅनॉनमध्ये रुजली. पुढे ती संस्था एका माणसाच्या भजनी लागून बिघडली, म्हणून आमच्या बैठकीत मी कोपऱ्यात बसतो. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात तर कितीतरी समुपदेशक मूळचे तिथलेच रुग्ण आहेत.

२. आधी विश्वास टाकावा लागतो. १९३९ साली औंध संस्थानानं (साताऱ्याकडचं, आमच्या जिल्ह्यातलं औंढा नव्हे) आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसवलं. कैद्यांनी तिथं बायकापोरांसह राहायचं आणि शेती करायची. शांतारामबापूंचा ‘दो आँखें बारह हाथ’ त्यावरूनच सुचला. सिनेमा सगळ्यांना ठाऊक आहे. ती वसाहत अजून चालू आहे, हे सांगितलं की लोक चकित होतात.

३. आतली सुधारणा वेशीवर अडते. शिक्षा चालू असताना घरी येण्याच्या संचित रजेसाठी (फर्लो) जामीनदार लागतो आणि गावाकडचा पोलीस अहवाल लागतो. भाऊच सही करायला तयार नसेल, तर आत मिळालेल्या चांगल्या वर्तणुकीच्या शेऱ्याला कोण विचारतो? म्हणून मी आता आधी भावाच्या ओट्यावर जाऊन बसतो. भावजय चहा ठेवते की नाही, यावरून पुढचं बरंच कळतं.

४. काम एकट्याचं नको. राखणदारीवर ठेवलेला माणूस रात्री बाटलीकडे वळतो, हे मी पाहिलंय. हळद काढणीच्या टोळीत तसं होत नाही. काम उक्तं असतं, एक जण आला नाही तर सगळ्यांची मजुरी बुडते, मग टोळीच त्याला घरातून उठवून आणते. समूह-उपचार म्हणतात तो हाच, फक्त इथं पगारही मिळतो.

५. पहिल्या आठवड्यात रेशनकार्ड बघा. नाव बहुधा कमी झालेलं असतं. तहसिलात सोबत जा. एकट्याला पाठवलं, तर ‘इतकी वर्षं कुठं होतात?’ या प्रश्नावर तो मागे फिरतो.