जुलैत न घसरणारी गाडी जानेवारीत का घसरते?

प्रश्न : माझ्याकडे दोन आसनी स्पोर्ट्स कार आहे. इंजिन सुमारे तीनशे अश्वशक्तीचं, ताकद मागच्या चाकांना. भर पावसाळ्यात ती फारसा त्रास देत नाही. पण हिवाळ्यात अवकाळी पाऊस झाला की रविनगर चौकात सिग्नल सुटताना मागचा भाग बाजूला सरकतो आणि डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकायला लागतो. टायर सहा वर्षांचे आहेत, पण गाडी फक्त रविवारी निघते, त्यामुळे नक्षी नव्यासारखी आहे. मित्र म्हणतात, हवा थोडी कमी कर, नायट्रोजन भर, डिकीत वाळूचं पोतं टाक. जानेवारीत पाऊस कमी, तरी घसरणं जास्त, हे कसं? आणि पकड वाढवायला काय करू?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : जुलैत घसरत नाही आणि जानेवारीत घसरते, हे तुमचं निरीक्षण अगदी बरोबर आहे. नागपुरात गाडी चालवणाऱ्यांनी ते पक्कं लक्षात ठेवावं. जुलैत इथला रस्ता आठवड्यानुआठवडे धुतलेला असतो आणि पाणी, हवा, डांबर सगळं पंचवीस-सत्तावीस अंशांच्या आसपास असतं. हिवाळी पाऊस पडतो तो ऑक्टोबरपासून साचलेल्या थरावर. त्या थरात धूळ असते, ट्रकमधून ठिबकलेलं ऑइल आणि डिझेल असतं, टायरचा चुरा असतो. काटोल-कळमेश्वरकडे ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर आलेली काळी मातीही असते. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांच्या भुरभुरीत याचा चिखल होतो, पण वाहून जात नाही. मुसळधार सर आली तर रस्ता धुऊन निघतो, नुसत्या शिंतोड्यांनी तो निसरडा होऊन तसाच राहतो. म्हणून कमी पाऊस म्हणजे कमी धोका हे गणित इथे लागू पडत नाही.

दुसरं कारण थंडीचं. नागपुरात पारा २९ डिसेंबर २०१८ ला ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. एरवी जानेवारीच्या पहाटे तो दहा-बारा अंशांच्या आसपास असतो. आभाळ भरलेलं असतं तेव्हा रात्रीचं तापमान उलट थोडं चढतं. खरी अडचण येते ती पाऊस ओसरून आभाळ मोकळं झाल्यावर, दुसऱ्या दिवशी पहाटे. रस्ता ओलसरच असतो, वरून दव पडलेलं असतं आणि गारठा एकदम वाढलेला असतो. डिसेंबर २०२१ च्या अखेरीस विदर्भात गारपीट झाली, तेव्हाच्यासारखे दिवस आठवून पाहा. रात्रभर उघड्यावर किंवा गार गॅरेजमध्ये उभी राहिलेली गाडी अशा पहाटे बाहेर काढली, तर टायर आणि रस्ता दोन्ही थंड, आणि मधे पाण्याचा पातळ पडदा. पाणीही थंडीत दाट होतं. दहा अंशांच्या पाण्याचा चिकटपणा सत्तावीस अंशांच्या पाण्याच्या दीडपट असतो, त्यामुळे टायरखालून ते निसटायला तेवढा जास्त वेळ घेतं.

आता रबराकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. कोरड्या रस्त्यावर रबर पृष्ठभागाला अक्षरशः चिकटतं. मधे पाणी आलं की हे चिकटणं बरंचसं संपतं. मग उरतो दुसरा मार्ग : खडीच्या बारीक टोकांवर रबर दबतं, त्यांच्याभोवती वाकतं आणि पुन्हा उसळताना थोडी ऊर्जा गिळतं. या गिळलेल्या ऊर्जेवरच ओल्या रस्त्यावरची पकड उभी असते. त्यासाठी रबर मऊ हवं. स्पोर्ट्स कारला येणारे उन्हाळी टायर तापल्यावर उत्तम पकड देतील अशा बेताने घडवलेले असतात आणि सातेक अंशांच्या खाली ते कडक पडू लागतात. याचा अर्थ आठ अंशांवर सगळं ठीक आणि सहावर बिघाड, असा नाही. पंधरा अंशांपासूनच उतार सुरू झालेला असतो. शर्यतीच्या मैदानासाठी बनवलेले, जेमतेम नक्षीचे टायर असतील, तर तो उतार फार तीव्र असतो. नागमोडी गाडी फिरवून टायर तापवायची युक्ती इथे चालत नाही, कारण ओला रस्ता रबरातली उष्णता सतत ओढून घेत राहतो.

आणि तुमच्या बाबतीत माझा पहिला संशय आहे तो टायरच्या वयावर. नक्षी शाबूत आहे, पण रबर सहा उन्हाळे पाहून झालेलं आहे. नागपूरचा मे महिना पंचेचाळीस अंश ओलांडतो. त्या उष्णतेने, हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओझोनने रबर हळूहळू कडक होत जातं, गाडी उभी असली तरीही. रविवारच्या गाड्यांचं हेच दुर्दैव. रोज चालणाऱ्या गाडीचा टायर झिजून गोटा होतो, मग मालक तो बदलतो. तुमच्या गाडीचा टायर झिजतच नाही, म्हणून तो बदलायचं कुणाला सुचत नाही. समृद्धी महामार्गाच्या प्रवेशाजवळ आरटीओने गोटा टायरच्या गाड्या परत पाठवायची मोहीम राबवली होती, ती योग्यच होती. पण अशा तपासणीतही तुमचा टायर सहज पार होईल, कारण नक्षी मोजता येते, कडकपणा नुसत्या नजरेला दिसत नाही.

तो कसा ओळखायचा? चाकाजवळ उकिडवे बसा, हाताशी टॉर्च घ्या. टायरच्या बाजूच्या भिंतीवर डीओटी ही अक्षरं शोधा. त्या ओळीच्या शेवटी, लंबगोल चौकटीत, चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे अंक टायरच्या एकाच बाजूला असतात, म्हणून बाहेर दिसले नाहीत तर आतल्या बाजूने बघावं लागतं. मग नक्षीच्या खाचेत टॉर्च मारा. तळाशी केसासारख्या बारीक भेगा दिसतात का? नक्षीच्या एका ठोकळ्यावर नखाने जोर द्या. चांगलं रबर दबतं आणि सावकाश वर येतं. म्हातारं झालेलं रबर नखाला दाद देत नाही. ही तपासणी सकाळच्या गारठ्यातच करा, दुपारच्या उन्हात सगळेच टायर मऊ लागतात. खाचेच्या तळाशी आडवे उंचवटे असतात, ते १.६ मिलिमीटरची कायदेशीर मर्यादा दाखवतात. ओल्या रस्त्यासाठी मात्र मी तीन मिलिमीटरच्या खाली जाऊ देणार नाही.

हवेचा मुद्दा तुमचे मित्र उलटा सांगत आहेत. समजा, मे महिन्यात पंचेचाळीस अंशांना तुम्ही ३२ पीएसआय हवा भरली आणि पुन्हा पाहिली नाही. एक बुडबुडाही न गळता जानेवारीच्या दहा अंशांना ती साधारण २७ होते. थंडीने हवा आकसते, एवढंच कारण. ही कमी झालेली हवा ओल्या रस्त्यावर घातक ठरते. नासाच्या लँगली केंद्रात वॉल्टर होर्न आणि रॉबर्ट ड्रेहर यांनी विमानाच्या टायरवर प्रयोग करून १९६३ साली दाखवलं की साचलेल्या पाण्यावर टायर किती वेगाला तरंगू लागतो, हे मुख्यतः हवेच्या दाबावर ठरतं. पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ काढून १६.७ ने गुणलं की तो वेग ताशी किलोमीटरमध्ये मिळतो. ३२ ला तो येतो सुमारे ९४, आणि २७ ला सुमारे ८७. खोल, मोकळ्या खाचा असल्या आणि पाणी त्यांच्यापेक्षा उथळ असलं, तर टायर याहून बराच पुढे टिकतो. पण खाचा झिजलेल्या आणि पाणी साचलेलं असेल, तर हाच आकडा खरा. नागपूर ते आमणे अशा ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर कारला ताशी १२० ची मुभा आहे, हे त्याच्या शेजारी ठेवून पाहा.

रुंद टायरने पकड वाढते हीही कोरड्या रस्त्यावरची गोष्ट. २५५ मिलिमीटर रुंदीचा टायर तीन मिलिमीटर पाण्यातून ताशी शंभरने जातो, तेव्हा त्या एका चाकाला सेकंदाला एकवीसेक लिटर पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणजे घरी येणारा पाण्याचा एक भरलेला कॅन दर सेकंदाला. टायर आणखी रुंद केलात की हे कामही वाढतं. कुणी मोठ्या रिंगा आणि रुंद टायर बसवून देतो म्हणाला, तर हिवाळी पावसापुरता तरी तो सल्ला बाजूला ठेवा. पुन्हा हवेकडे येऊ : ती कमी करू नका. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर कंपनीने लावलेला आकडा पाहा आणि सकाळी, गाडी चालवण्याआधी, टायर गार असताना तेवढीच भरा. जानेवारीत पहाटे ३२ असलेली हवा दुपारी अठ्ठावीस अंशांना ३५ दिसेल. ती सोडायची नाही.

नायट्रोजन भरायला हरकत नाही, पण त्याने पकड वाढत नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि थंडीत दोन्ही सारखेच आकसतात. वाळूचं पोतं रिकाम्या पिकअपला उपयोगी पडतं. तुमच्या गाडीत ते मागच्या आसाच्याही मागे जाईल. सरळ निघताना थोडा फायदा होईल, पण वळणावर तेच वजन गाडीची शेपूट बाहेर खेचेल.

तुमचा पिवळा दिवा म्हणजे ट्रॅक्शन कंट्रोल. चाक अवाजवी फिरतंय हे सेन्सरला कळतं, इंजिनची ताकद कापली जाते, प्रसंगी त्या चाकाला ब्रेक लागतो. १९९५ मध्ये मर्सिडीज आणि बॉशने आणलेल्या ईएसपीने गाडी सरळ ठेवण्याचं कामही त्यात जोडलं. काही गाड्यांत ओल्या रस्त्यासाठी वेगळा मोड असतो. भारतात २०१६ ला आलेल्या मस्टँगमध्ये तो होता. २०१९ नंतरच्या पोर्श ९११ मध्ये तर पुढच्या चाकांच्या कमानीत ध्वनी टिपणारे सेन्सर आहेत, उडणाऱ्या पाण्याचा आवाज ऐकून ते चालकाला सूचना देतात. तुमच्या गाडीत असा मोड असेल तर जरूर वापरा आणि ट्रॅक्शन कंट्रोल कधीही बंद करू नका. पण ही यंत्रणा असलेली पकड नीट वापरते, नसलेली निर्माण करत नाही. दिवा वारंवार लुकलुकतोय म्हणजे गाडी तुम्हाला टायरबद्दलच सांगते आहे.

मागच्या चाकांच्या गाडीला पावसाचा त्रास जास्त का, तेही समजून घ्या. कोरड्या रस्त्यावर रेस दिली की वजन मागे येतं, मागची चाकं दाबली जातात आणि पकड वाढते. ओल्यात वेग सावकाश वाढतो, त्यामुळे वजनही मागे येत नाही, आणि नेमक्या गरजेच्या वेळी ही मदत मिळत नाही. म्हणून सिग्नलवरून दुसऱ्या गिअरमध्ये निघा, क्लच हळू सोडा, पाय पॅडलवर अलगद ठेवा. स्टिअरिंग सरळ झाल्यावरच रेस वाढवा. चौकातले झेब्रा पट्टे आणि वर्धा रोडच्या डबल डेकर पुलावरचे लोखंडी सांधे यांवर ना रेस, ना ब्रेक. वळणाआधी झटक्याने खालचा गिअर टाकू नका, मागची चाकं क्षणभर जखडतात. समृद्धीवर पाऊस लागला की क्रूझ कंट्रोल आधी बंद करा. आणि गाडी धुणाऱ्याला सांगून ठेवा, टायर पॉलिश फक्त बाजूला, नक्षीवर एक थेंबही नको.

तेव्हा खर्च करायचा तो नव्या टायरवर. बर्फासाठीचे हिवाळी टायर नागपुरात घेऊ नयेत, इथल्या उन्हात ते फार मऊ पडून लवकर संपतील. सिलिकायुक्त रबराचे, ओल्या पकडीला वरची श्रेणी मिळालेले रस्त्यावरचे टायर घ्या. युरोपीय लेबलवर त्यासाठी पावसाच्या ढगाच्या चिन्हाजवळ ए ते ई अक्षरं असतात, ए किंवा बी पाहा. चारही एकाच मॉडेलचे असावेत. बजेटमुळे दोनच शक्य असतील, तर नवे मागे बसवा. दुकानात चाकावर चढवण्याआधी ते चार अंक स्वतः वाचा, वर्षभराहून जुना माल परत करा. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल, तर तो पुढे जाताना फिरतो त्या दिशेला आहे ना, हे चारही चाकांवर पाहा. बाण उलटा बसला तर खाचा पाणी बाहेर टाकण्याऐवजी आत ओढतात. अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्या. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला लेप वरून घासून जायला पहिले तीनशेएक किलोमीटर लागतात, तोवर पावसात आणि पहाटे जपूनच चालवा.