शाळिग्राम : शब्द आणि शिळा

तुळशीच्या लग्नात कित्येक घरी वर म्हणून काळा, गुळगुळीत शाळिग्राम मांडतात. त्याचे नाव ऐकून मुलांना शाळा आठवावी, हे स्वाभाविक आहे. परंतु संस्कृत ‘शालग्राम’ या मूळ शब्दातील शाल म्हणजे सालवृक्ष. त्या वृक्षांवरून नाव पडलेले हे नेपाळातील गंडकीकाठचे गाव. गावाचे नाव शिळेस मिळाले आणि मराठीत ‘ल’चा ‘ळ’ झाला.

शिळेतील वलयांना भाविक विष्णूचे चक्र मानतात. भूशास्त्राच्या दृष्टीने अनेक शाळिग्रामांतील ही वलये सुमारे 15 कोटी वर्षांपूर्वीच्या सागरी प्राण्यांच्या शंखांची होत. हिमालय उंचावला, तेव्हा त्या समुद्राचा तळही वर आला. युरोपात अशाच शंखांना, मेंढ्याची शिंगे असलेल्या इजिप्तच्या आमोन देवावरून, ‘ॲमोनाइट’ हे नाव मिळाले.

हिंगोली जिल्ह्यातील काळा पाषाण मात्र सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भूमीवर थिजलेल्या लाव्हारसाचा; त्यात हे शंख सापडत नाहीत. कयाधूच्या पात्रातील गोटा एखाद्या विद्यार्थ्याने शाळिग्राम म्हणून आणल्यास शिक्षकाने हसू नये. भिंग देऊन त्यावर वलये शोधावयास सांगावे. देवघरातील शिळा मात्र फोडून पाहण्याचे सुचवू नये.