खडकाची माती कशी होते?

शेतकऱ्याच्या पायाखालची माती एके काळी खडक होती. ऊन, पाऊस, झाडांची मुळे आणि डोळ्यांस न दिसणारे जीव यांनी तो खडक फोडला व कुजविला, तेव्हा कोठे पीक उभे राहण्याजोगी माती तयार झाली. खडक जागच्या जागी फुटून कुजण्याच्या या क्रियेस ‘विदारण’ असे म्हणतात. असा फुटलेला माल पाण्याबरोबर किंवा वाऱ्याबरोबर वाहून जाणे म्हणजे ‘धूप’. विदारणाने माती घडते, धुपीने ती जाते. या दोन्ही क्रियांच्या गतींत किती अंतर आहे, हे उमगले म्हणजे बांधबंदिस्तीचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

मुंबई उपनगर जिल्ह्यात शेती आता थोडीच उरली आहे. तथापि आरे परिसरातील पाड्यांवर वारली कुटुंबे आजही पावसाळ्यात भात व भाजीपाला पिकवितात. विदारण प्रत्यक्ष पाहण्यास तर येथील टेकड्यांसारखी सोयीची जागा दुसरी क्वचितच सापडेल.

मूळ खडक

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या उद्रेकांतून बाहेर पडलेला तप्त रस थंड होऊन महाराष्ट्राचा बहुतेक भाग व्यापणारा काळा खडक, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. अंधेरीची सुमारे ६१ मीटर उंचीची गिल्बर्ट टेकडी याच खडकाची आहे. आटलेल्या तळ्याच्या गाळाला जशा भेगा पडतात, तशा हा रस थंड होऊन आकसताना त्याला उभ्या भेगा पडल्या व खडकाचे अनेक बाजू असलेले उंच खांब बनले. खडक कितीही कठीण असला तरी त्याच्या भेगा ही विदारणाची दारे होत. पाणी, हवा आणि मुळे तेथूनच आत शिरतात.

खडक फुटतो कसा?

उन्हात तापलेला खडक प्रसरण पावतो व रात्री आकुंचन पावतो. वर्षानुवर्षे हे चालले म्हणजे त्याचा वरचा थर सैल होतो. थंड देशांत भेगांतील पाण्याचे बर्फ होते, त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते आणि त्या दाबाने खडक तडकतो. कोकणात असा गारठा पडत नाही. येथे ते काम पुष्कळ अंशी मुळे करतात. कातळाच्या चिरेत रुजलेले वड-पिंपळाचे रोप मोठे होता होता ती चीर रुंदावीत जाते.

खडक कुजतो कसा?

कोकणातील खरे विदारण पाण्यामुळे होते. सांताक्रूझ येथे वर्षाकाठी २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच पडतो. पावसाचे पाणी हवेतील व मातीतील कर्बवायू शोषून किंचित आंबट बनते. या सौम्य आम्लाने खडकातील चुना, सोडा व मॅग्नेशिया हळूहळू विरघळतात, फेल्स्पार या खनिजाची चिकणमाती होते आणि लोह गंजून माती तांबूस दिसू लागते. खडकावर वाढणारे दगडफूलही आम्ले सोडून त्याचा पृष्ठभाग पोखरते. मसाल्यात घालतात ते दगडफूल याच वर्गातले.

एकाच खडकापासून दोन प्रकारची माती का होते, याचेही उत्तर येथेच मिळते. देशावर पाऊस कमी, त्यामुळे चुना बराचसा मातीतच राहतो व चिकण काळी जमीन तयार होते. कोकणात क्षार धुपून जातात, लोह व ॲल्युमिनियम मागे राहतात आणि पुष्कळ ठिकाणी त्यांचा जांभा बनतो.

खडकाची जात पाहूनही विदारणाची गती ठरते. अंधेरीजवळील महाकाली लेणी ज्वालामुखीतून उडालेले तुकडे सांधून झालेल्या खडकात कोरलेली आहेत. अशा खडकात पाणी सहज शिरते, म्हणून तेथील कोरीव काम बरेच झिजले आहे.

थर ओळखावेत

विहिरीच्या किंवा रस्त्याच्या कापात वरून खाली पाहावे. वर माती, तिच्याखाली मुरूम, मग फुटका खडक व तळाशी अखंड कातळ असा क्रम आढळतो. मुरुमात पुष्कळदा गोल धोंडे दिसतात. त्यांचे कांद्यासारखे पापुद्रे सुटतात व आत कठीण गाभा शिल्लक असतो. अर्धवट विदारण झालेला खडक तो हाच. कातळ पाणी अडवितो, मुरूम ते झिरपू देतो, माती ते पिकासाठी धरून ठेवते. बोरिवलीनजीकच्या कान्हेरी लेण्यांत कातळात खोदलेल्या टाक्यांमध्ये आजही पाणी साठते, ते यामुळेच.

घडण्यास शतके, जाण्यास एक दिवस

बोटभर माती तयार होण्यास शेकडो वर्षे लागतात. उलट, २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. अशा वेळी उघड्या उतारावरील माती एका दिवसात नाल्यात जाते. उतारावर विदारण झालेला जाड थर असेल आणि त्याला मुळांचा आधार नसेल, तर पाण्याने जड होऊन तो थरच खाली घसरतो. जुलै २००० मध्ये घाटकोपरच्या टेकडीवरील दरड वस्तीवर कोसळून अनेक माणसे मृत्युमुखी पडली. उतारावरचे गवत व झाडे पिकाइतकीच माणसांचेही रक्षण करतात.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. उतारावरील गवत व झुडपे समूळ काढू नयेत.

२. वाफे व सऱ्या उताराला आडव्या काढाव्यात. बांधावर वाळा किंवा दुसरे दाट मुळांचे गवत लावावे.

३. पालापाचोळा जाळू नये. तो कुजला म्हणजे जमिनीत पाणी टिकते, आणि कुजताना निघणारी आम्ले खालच्या मुरुमाचे विदारणही पुढे नेतात.

४. मुरमाड जागी आंबा लावावयाचा असल्यास उन्हाळ्यात मीटरभर लांब, रुंद व खोल खड्डे खणून उन्हात तापू द्यावेत. वरची माती वेगळी ठेवावी आणि पावसापूर्वी ती शेणखतात मिसळून खड्ड्यात भरावी.

५. पहिल्या जोराच्या पावसानंतर शेतातून वाहणारे पाणी पाहावे. ते गढूळ असेल तर बांध कोठे फुटला आहे हे शोधून तो त्याच आठवड्यात दुरुस्त करावा.