अ‍ॅक्रिलिकचे केकटॉपर: मशीन घेण्याआधी

वाढदिवसाच्या केकवर खोचलेले बाळाचे नाव, लग्नाच्या केकवरची जोडप्याची आद्याक्षरे, पंचाहत्तरीचा सोनेरी आकडा, या सगळ्यांना धंद्यात ‘टॉपर’ म्हणतात. यातले बहुतेक टॉपर दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या अ‍ॅक्रिलिक शीटमधून लेझरने कापले जातात. कापणारा लेझर कार्बन डायऑक्साइड वायूचा असतो. तो १९६४ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये सी. कुमार एन. पटेल यांनी विकसित केला. पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीत झाला आणि १९५८ मध्ये ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवीधर झाले.

या लेझरची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असते आणि ती अ‍ॅक्रिलिक पूर्ण शोषून घेते. म्हणून पारदर्शक शीटही स्वच्छ कापली जाते आणि कडेला काचेसारखी चकाकी येते. ऑनलाइन स्वस्तात मिळणाऱ्या छोट्या मशीनमध्ये निळा डायोड लेझर असतो. त्याचा प्रकाश पारदर्शक अ‍ॅक्रिलिकमधून आरपार निघून जातो. त्याने फक्त गडद, अपारदर्शक रंगाची शीट कापता येते. जाहिरात पाहून मुलासाठी हे मशीन मागवणारे पालक पहिल्याच आठवड्यात अडतात. दुसरा धोका याहून गंभीर आहे. बोर्डाच्या दुकानात सर्रास दिसणारा सनबोर्ड पीव्हीसीचा असतो. तो लेझरखाली घातला की हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसांना घातक आहे आणि मशीनच्या लोखंडालाही गंज चढवतो. अ‍ॅक्रिलिक तर पेटही घेते. चालू मशीन सोडून जायचे नाही, हा या कामाचा पहिला नियम आहे.

खरे कसब अक्षरांत आहे, आणि मराठी मुलांना इथे मोठी संधी आहे. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यांना खालून पट्टी द्यावी लागते. देवनागरी नाव शिरोरेषेने आपोआप बांधले जाते. पण टाइप केलेले नाव तसेच मशीनला दिले तर प्रत्येक अक्षराची बाह्यरेषा वेगळी कापली जाते आणि नावाचे तुकडे पडतात. आधी सगळी अक्षरे ड्रॉइंगमध्ये एकसंध जोडावी लागतात. ‘आनंदी’मधला अनुस्वार सुटा राहिला तर गळून पडतो, म्हणून त्याला शिरोरेषेपर्यंत बारीक दांडी काढायची. ट, ड, द ही अक्षरे आखूड देठाने शिरोरेषेला लटकतात आणि तिथेच मोडतात. तो देठ निदान शीटच्या जाडीइतका रुंद हवा. ‘ज्ञानेश्वरी’मधला ‘श्व’ बहुतेक फाँटमध्ये इतका नाजूक असतो की तो हाताने जाड करण्यावाचून इलाज नाही. केकमध्ये खोचायची काडी शक्यतो कान्याच्या खालून निघावी, म्हणजे भार सरळ उतरतो. मुंबईच्या एक टाइप या गटाचे ‘बालू’ आणि ‘मुक्ता’ हे युनिकोड फाँट मोफत मिळतात. ‘बालू’ची जाड वळणे या कामाला विशेष सोयीची आहेत. हे ज्याला जमते त्याला गिऱ्हाईक शोधत येते. मशीनचे बटण दाबणारे मात्र कुठेही मिळतात.

बाजारपेठेसाठी राजूरचे उदाहरण घेऊ. हे वणी तालुक्यातले कोळसा खाणींचे आणि चुन्याच्या भट्ट्यांचे गाव. इथल्या मुलाची बाजारपेठ गावात मावणारी नाही. ती वणी आणि चंद्रपूरच्या बेकऱ्यांत आहे. ‘हॅपी बर्थडे’चे तयार टॉपर ठोकात इतके स्वस्त येतात की त्यांच्याशी स्पर्धा करणे व्यर्थ. सकाळी सांगितलेले नाव संध्याकाळी हातात देणे, तेही शुद्ध मराठीत, एवढीच स्थानिक कारागिराची जागा. त्यातून घर चालत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. काचेची लेझर नळी वापराच्या तासांनुसार झिजते आणि ठरावीक काळाने बदलावी लागते. तो खर्च नेमप्लेट, शाळांची सन्मानचिन्हे, दुकानांचे बोर्ड आणि इतरांचे जॉबवर्क यांतूनच निघतो. टॉपर ही या धंद्याची ओळख, पोट भरते ते बाकीच्या कामांवर.

जून उजाडला की घराघरांत निकालानंतरचे तेच प्रश्न सुरू होतात. टक्के चांगले असतील तर मुलाला नीटच्या क्लाससाठी नागपूरला पाठवायचे. पहिला प्रयत्न फसला की एक वर्ष आणखी, मग आणखी एक. नाहीतर कर्ज काढून, मिळेल त्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनिअरिंग. टक्के कमी असतील तर ‘याला एखादे मशीन घेऊन देऊ’. तिन्ही निर्णय मुलाला न विचारता होतात आणि तिन्ही चूक आहेत. लेझर कटिंग हा नापासांचा कोपरा नाही. ज्या मुलाला चित्र काढायला आवडत नाही, मिलिमीटरचा हिशेब कंटाळवाणा वाटतो, त्याच्या हातात मशीन दिले तर वर्षभरात ते ताडपत्रीखाली जाते आणि हप्ते बापाच्या पगारातून कापले जातात. उलट वहीच्या मागच्या पानावर अक्षरे रेखाटत बसणाऱ्या मुलीला बायॉलॉजीच्या क्लासला कोंबणे हा सरळ अन्याय आहे. तिच्या घरच्यांनी शेजाऱ्यांच्या मुलाचे गुण मोजणे थांबवावे.

शिक्षणाचे रस्ते नेहमीचेच. दहावीनंतर आयटीआयत एक वर्षाचा कोपा (संगणक चालवण्याचा आणि प्रोग्रामिंगचा अभ्यासक्रम) किंवा दोन वर्षांचा मेकॅनिकल ड्राफ्ट्समन, नाहीतर तीन वर्षांचा डिप्लोमा. बारावीनंतर सीईटी देऊन नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात उपयोजित कला. कोणताही घेतला तरी नंतर एखाद्या बोर्ड किंवा ट्रॉफीच्या दुकानात निदान एक दिवाळी आणि एक लग्नसराई काम करावे. शीट वाया कशी जाते, उधारी कशी अडकते, हे तिथेच कळते.

कर्जाचा विचार त्यानंतर. मुद्रा योजनेत ‘शिशु’ गटात ५०,००० रुपयांपर्यंत आणि ‘किशोर’ गटात ५ लाखांपर्यंत कर्ज मिळते. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात (पीएमईजीपी) ग्रामीण भागातील सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग आदी विशेष गटांना ३५ टक्के अनुदान ठेवलेले आहे. हे अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि उद्योग प्रत्यक्ष चालू असल्याची तपासणी झाल्यावरच कर्जात वळते होते. तोपर्यंत हप्ते धंद्यातूनच भरावे लागतात, म्हणून अर्ज करण्याआधी निदान तीन बेकऱ्या आणि एक शाळा यांचे काम हातात असावे.