शाळेचा वर्ग, छबिलदासचे सभागृह आणि मुलाचा रंगमंचावरील हक्क : सुलभा देशपांडे यांच्या नाट्यकार्याचा विचार

मराठी प्रायोगिक रंगभूमीच्या इतिहासात सुलभा देशपांडे (१९३७-२०१६) यांचे नाव प्रामुख्याने अभिनेत्री म्हणून नोंदले जाते. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील लीला बेणारे ही भूमिका, ‘रंगायन’ आणि ‘आविष्कार’ या संस्थांतील त्यांचा सहभाग आणि १९८७चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार यांचा उल्लेख झाला की बालनाट्याची दिग्दर्शिका म्हणून त्यांनी केलेले काम पुरवणीवजा एका वाक्यात उरकले जाते. शिक्षिकेचा पेशा तर केवळ चरित्रात्मक तपशील ठरतो. या तीन बाजू परस्परांपासून अलग करून पाहिल्या, तर त्यांना जोडणारे सूत्र हाती लागत नाही. नाट्यव्यवहारात मुलाचे स्थान कोणते, हा प्रश्न म्हणजेच ते सूत्र होय. प्रस्तुत लेखात त्या सूत्राचा शोध घ्यावयाचा आहे.

सुलभाबाईंच्या कारकिर्दीचा प्रारंभ दादर येथील छबिलदास मुलांच्या शाळेत शिक्षिका म्हणून झाला. शाळेतील मुलांसाठी नाटक बसविण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली आणि त्या निमित्ताने त्या विजय तेंडुलकरांकडे गेल्या. घटना वरकरणी साधी आहे. परंतु तिचे महत्त्व तिच्या क्रमात आहे. येथे आधी संहिता आणि नंतर तिच्यासाठी बालनटांचा शोध, असे झालेले नाही. आधी वर्ग आहे, वर्गातील मुले आहेत, आणि त्यांच्या गरजेतून संहितेची मागणी निर्माण झाली आहे. तेंडुलकरांच्या ‘चिमणा बांधतो बंगला’, ‘पाटलाच्या पोरीचं लगीन’ यांसारख्या बालनाट्यांचा विचार करताना, मुलांनी करावयाच्या नाटकाची ही शालेय गरज अभ्यासकांनी पार्श्वभूमी म्हणून ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

या कार्याचे वेगळेपण स्पष्ट होण्यासाठी समकालीन बालरंगभूमीकडेही पाहावे लागते. सुधा करमरकर यांनी १९५९मध्ये ‘लिटल थिएटर’च्या वतीने रत्नाकर मतकरी यांचे ‘मधुमंजिरी’ सादर केले आणि मराठी बालरंगभूमीला शिस्तबद्ध निर्मितीचे रूप दिले. पुढे मतकरी यांनी स्वतःच्या ‘बालनाट्य’ संस्थेमार्फत ही चळवळ विस्तारली. नेपथ्य, प्रकाशयोजना, वेशभूषा यांबाबत मुलांच्या नाटकात तडजोड चालणार नाही, हा आग्रह या धारेने धरला, आणि तो मोलाचा होता. ‘अलबत्या गलबत्या’मधील दिलीप प्रभावळकर यांची चेटकीण ज्यांना आठवते, त्यांना प्रौढ नटाच्या सामर्थ्याने बालप्रेक्षक कसा भारला जातो, हे निराळे सांगावयास नको. तथापि या धारेचे मुख्य लक्ष मूल प्रेक्षागृहात बसलेले असताना त्याला काय द्यावे, याकडे होते. सुलभाबाईंच्या कामाचा भर मूल रंगमंचावर उभे असताना त्याला काय करता येते, यावर राहिला. पहिल्या धारेत मूल प्रामुख्याने नाटकाचा भोक्ता आहे. दुसऱ्या धारेत ते नाटकाचा कर्ता आहे. हा भेद श्रेष्ठ-कनिष्ठतेचा नसून भूमिकेचा आहे.

या पार्श्वभूमीवर बेणारेच्या भूमिकेकडे नव्याने पाहता येते. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ हे नाटक १९६७ साली ‘रंगायन’ने अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली रंगमंचावर आणले. बेणारे ही शिक्षिका आहे. आपल्या वर्गाविषयी ती अभिमानाने बोलते. सहकाऱ्यांनी खेळ म्हणून मांडलेल्या अभिरूप खटल्यात तिच्यावर भ्रूणहत्येचा आरोप ठेवला जातो, आणि अखेरीस तेच न्यायालय तिच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याचा निर्णय देते. मुलांच्या नीतिमत्तेचे रक्षण हे तिला नोकरीवरून दूर करण्याचे कारण सांगितले जाते. पण त्या मुलांना कोणी काही विचारत नाही. मुलांच्या नावाने बोलणारे अनेक, मुलांचे ऐकणारे कोणी नाही, ही विसंगती नाटकाच्या उपरोधाचा एक महत्त्वाचा, पण दुर्लक्षित पदर आहे. प्रत्यक्ष वर्गात शिकविलेल्या अभिनेत्रीने ही भूमिका साकारली, हा योगायोग असला तरी नाट्यसंहितेच्या वाचनाला तो नवी दिशा देतो.

१९७१मध्ये अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे आदींनी ‘आविष्कार’ची स्थापना केली. १९७४पासून छबिलदास शाळेचे सभागृह हे प्रायोगिक नाटकांचे केंद्र बनले आणि त्यातून ‘छबिलदास चळवळ’ हे नाव रूढ झाले. या चळवळीची चर्चा सामान्यतः नव्या संहिता, लहान प्रेक्षकवर्ग आणि अल्प खर्चातील निर्मिती यांच्या संदर्भात होते. परंतु ज्या इमारतीत दिवसा वर्ग भरत, तिथेच संध्याकाळी प्रयोग होत, या वस्तुस्थितीचा अर्थ पुरेसा उलगडलेला नाही. शाळा आणि रंगभूमी ही दोन भिन्न जगे नाहीत, असे प्रतिपादन करण्याची गरज तेथे नव्हती; वास्तूच ते सांगत होती.

‘आविष्कार’ची बालशाखा ‘चंद्रशाला’ ही या विचाराची स्वाभाविक परिणती होय. तिची सर्वांत गाजलेली निर्मिती म्हणजे ‘दुर्गा झाली गौरी’ हे नृत्यनाट्य. मोठ्या संख्येने मुले एकत्र येऊन साकारणाऱ्या अशा प्रयोगात एखाद्या चमकदार बालकलाकाराभोवती नाटक फिरत नाही. समूहातील प्रत्येकाला ताल, जागा आणि सहकाऱ्याचे भान राखावे लागते. हे शिक्षणच आहे, पण ते उपदेशाच्या वाटेने येत नाही. सुलभाबाईंनी बालचित्र समितीसाठी दिग्दर्शित केलेल्या ‘राजा रानी को चाहिए पसीना’ या चित्रपटातही हीच दृष्टी आढळते. राजा-राणीला घाम हवा, या शीर्षकातच श्रम करणारे आणि श्रमावाचून जगणारे यांच्यातील विसंगती खेळकरपणे सूचित होते. मुलांना सामाजिक आशय झेपत नाही, हा समज त्यात नाही.

बालहक्कांच्या परिभाषेत या कार्याचे मोल कसे मांडता येईल? संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्क संहिता स्वीकारली आणि भारताने ती डिसेंबर १९९२मध्ये मान्य केली. तिच्या बाराव्या कलमात स्वतःशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा, तर एकतिसाव्या कलमात विश्रांती, खेळ आणि सांस्कृतिक व कलात्मक जीवनात सहभागी होण्याचा मुलाचा हक्क नमूद आहे. सुलभाबाईंचे बालरंगभूमीवरील बरेचसे कार्य या संहितेपूर्वीचे आहे; त्याला हक्कांच्या चळवळीचे नाव नव्हते, आणि आज ते मागाहून चिकटविणेही योग्य नाही. मात्र संरक्षण आणि पोषण यांपलीकडे सहभाग हाही मुलाचा हक्क आहे, हे तत्त्व कायद्याच्या भाषेत येण्यापूर्वी तालमीच्या व्यवहारात कसे आचरले गेले, याचे ते उत्तम उदाहरण आहे.

येथे एक आक्षेप विचारात घ्यावा लागेल. नाट्यसंस्थेच्या बालशाखेत जे मूल पोहोचू शकते, तेच या सहभागाचे धनी होते. आणि जी सोय काहींनाच लाभते, तिला हक्क म्हणता येत नाही. आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर सुलभाबाईंच्या कार्याच्या प्रारंभबिंदूतच आहे. त्यांचे बालनाट्य संस्थेत नव्हे, शाळेत जन्मले. रंगभूमी सर्व मुलांपर्यंत जाण्याचा मार्ग वर्गातूनच जातो. ‘आविष्कार’चे केंद्र कालांतराने छबिलदासमधून हलले, तेव्हा संस्थेने आपले ठाणे माहीमच्या महापालिका शाळेत केले, हेही या संदर्भात लक्षणीय आहे.

बालनाट्याचा अभ्यास आपल्या विद्यापीठांतून बहुधा संहितांच्या आधारे होतो. मग कथानक, बोध आणि भाषा यांची चर्चा होते. तालीम हा अभ्यासाचा विषय होत नाही. परंतु मुलाला कर्तेपण मिळते किंवा नाकारले जाते ते तालमीत. कोणाला वाक्य मिळाले, कोणाची सूचना स्वीकारली गेली, चुकलेल्या मुलाला दिग्दर्शक काय म्हणाला, हे छापील संहितेत उमटत नाही. त्या काळी मंचावर उभी राहिलेली मुले आज प्रौढ आहेत. त्यांच्या आठवणींचे पद्धतशीर संकलन हे मराठी विभागांतील संशोधकांपुढील निकडीचे काम आहे. ते वेळेत झाले नाही, तर सुलभा देशपांडे यांच्या कार्याचा सर्वांत मौलिक भाग इतिहासाच्या हाती लागणार नाही.